शुगर उतरली त्या वर्षी

प्रेमदास राठोडच्या खाकी शर्टाचं तिसरं बटण कधी टिकायचं नाही. स्टिअरिंग नेमकं तिथंच घासायचं. मिना, त्याची बायको, दर रविवारी ते बटण नव्यानं लावायची आणि लावताना तिथलं कापड किती विरलंय ते बोटानं चाचपून बघायची. सीट मागं सरकवली तर ब्रेकवर पाय नीट पोचत नव्हता, पुढं घेतली तर पोट चाकाला टेकायचं. एकशे एकतीस किलो वजन, वय बेचाळीस. बसवर ड्रायव्हर होऊन अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत आपल्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे तो लग्नात, मयतीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगायचा.

साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यातून सरकारी गाडीच्या चाकामागं बसलेला तो पहिला. बिऱ्हाड हिंगोलीला होतं, पण जीव तांड्यात. त्या बाजूची ड्युटी लागली की तांड्याच्या फाट्यावर तो हॉर्न जरा जास्तच वेळ दाबायचा. त्याची आई रुक्माबाई घराच्या दारात येऊन उभी राहायची. हात हलवायची नाही. लोक आपल्या लेकाकडं कसे बघतात तेवढं बघून घ्यायची आणि आत जायची.

शुगर घरात आधीपासूनच होती. मिनाचा सासरा धर्मसिंग हिचाच बळी. आधी त्याचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. शेवटच्या महिन्यात मिनानं स्वतःच्या हातानं त्याच्या जखमेतल्या अळ्या वेचल्या होत्या. त्यामुळं प्रेमदासच्या रक्तात शुगर निघाली तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. प्रेमदास मात्र हसला. म्हणाला, "बापाची जमीन न्हाई आली वाट्याला, हे तरी आलं." दहा वर्षं गोळ्या चालल्या. गोळ्या पुरेनात म्हणून इंजेक्शन आलं, दिवसातून दोनदा, पोटाच्या घडीत टोचायचं. इंजेक्शनानं भूक वाढली, भुकेनं वजन, वजनानं पुन्हा शुगर. घाण्याच्या बैलासारखं तिथल्या तिथं फिरणं.

वार्षिक तपासणीत साडेतीनशेच्या वर शुगर निघाली तेव्हा डॉक्टरनं त्याला समोर बसवून सांगितलं, "राठोड, पुढच्या वेळी हेच आकडे आले तर मी तुम्हाला गाडीसाठी फिट देणार नाही. तुमच्या मागं पन्नास माणसं बसलेली असतात."

त्या दिवशी तो जेवला नाही. जेवणावर रुसायचा त्याचा स्वभाव नव्हता, म्हणून मिनाला ते जास्त लागलं.

ऑपरेशनचं नाव त्यानंतर निघालं. नांदेडच्या शुगरच्या डॉक्टरनं एका वजन कमी करणाऱ्या सर्जनकडं पाठवलं. सर्जन तरुण होता, कागदावर पोटाचं चित्र काढून समजावून सांगायचा. "जठराची एवढीशी पिशवी ठेवायची, लिंबाएवढी. आतडं वळवून तिला जोडायचं. खाणं आपोआप कमी होतं, वजन उतरतं. पण तुमच्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच आहे. आतड्याचा रस्ता बदलला की शरीरातली शुगरची सगळी व्यवस्थाच बदलते. वजन उतरायच्या आधी, आठवड्याभरात शुगर खाली यायला लागते. पुष्कळ जणांचं इन्सुलिन सुटतं."

"कायमचं?" प्रेमदासनं विचारलं.

"काहींचं कायमचं. काहींना दहा वर्षांनी पुन्हा थोडी गोळी लागते. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र घ्याव्या लागतील आणि जन्मभर चमच्यानं खावं लागेल."

"बराबर हाय साहेब," प्रेमदास म्हणाला. "चमच्यानं खाईन, पण गाडी सुटली न्हाई पाहिजे."

पण डोळ्याची गोष्ट त्याच्याही आधीची. दिवाळीत, जेवताना, मिनाला दिसलं की तो ताटावरची माशी हाकलतोय. माशी नव्हतीच. थोड्या वेळानं पुन्हा हात हलला.

"काय हाकून राहिले?" तिनं विचारलं.

"काही न्हाई."

दोन-चार दिवसांनी त्यानं स्वतःच सांगितलं. उजव्या डोळ्यापुढं केस आल्यासारखा वाटतो, काळा. डोळा फिरवला की तोही फिरतो. कधी एक, कधी तीन-चार. बाकी सगळं लख्ख दिसतं, लांबच्या गाडीचा नंबरसुद्धा.

"डागदरला दावा मंग."

"दावतो. आन् उद्यापासून डेपोत झाडू घेऊन बसतो, व्हय ना?" तो एकदम चिडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मिना, डोळ्याचा कागद एकदा फाइलीत गेला का संपलं. शुगरमुळंच हाय ते. शुगर उतरली का आपसूक जाईल. कुणाजवळ बोलू नको."

ती कुणाजवळ बोलली नाही.

ऑपरेशनआधी करायच्या तपासण्यांची एक यादी मिळाली होती. रक्त, छाती, हृदय, पोटाची सोनोग्राफी. त्यात एक ओळ होती, डोळ्याचा पडदा तपासून आणणे. प्रेमदासनं हिंगोलीत चष्म्याच्या दुकानातून नंबर काढल्याची चिठ्ठी आणली आणि बाकीच्या कागदांत ती टाचून दिली. सर्जनच्या हातात फाइल गेली तेव्हा मिना समोरच बसली होती. तिच्या शेजारी नणंद जिवनबाई होती. नरसीला तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. तिचं वजनही शंभराच्या पुढं आणि तीही इन्सुलिनवर. भावाचं ऑपरेशन बघून आपलं ठरवू म्हणून ती सोबत आली होती, आणि त्या घडीला खुर्चीवर बसल्या बसल्या तिला डुलकी लागली होती.

सर्जन कागद उलटत म्हणाला, "हा तर चष्म्याचा नंबर आहे. पडद्याचा रिपोर्ट कुठंय?"

"तेच केलं साहेब, तपासलं त्यांनी."

"डोळ्यापुढं काळे ठिपके, जाळं, धूसर, असं काही?"

"न्हाई साहेब. गाडी चालवतो मी. एकदम क्लिअर."

सर्जननं मान वर केली आणि मिनाकडं बघितलं. "ताई, तुम्हाला घरात काही जाणवलं? काही लपवू नका, हे महत्त्वाचं आहे."

प्रेमदासनंही तिच्याकडं बघितलं. एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाचे डोळे त्या क्षणी मार चुकवणाऱ्या लेकरासारखे झाले होते. मिनानं पदर सारखा केला.

"न्हाई," ती म्हणाली.

जानेवारीत ऑपरेशन झालं. पोटावर पाच बारीक छिद्रं, बस. चौथ्या दिवशी नर्सनं शुगर बघितली, पुन्हा एकदा बघितली आणि म्हणाली, "आज इन्सुलिन नको." मिनाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दहा-बारा वर्षं उशाला ठेवलेलं दुखणं असं चार दिवसांत उठून चालायला लागतं? पण लागलं खरं. महिन्याभरात इंजेक्शनाची डबी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तिसऱ्या महिन्यात तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आला तो कुठल्याही धडधाकट माणसासारखा. वजन शंभराच्या खाली. प्रेमदास रस्त्यावरून चालताना दुकानांच्या काचेत स्वतःला बघायचा आणि मिनाला ते दिसलंय हे कळलं की खोकायचा.

घरातलं जेवण मात्र बदललं. तो वाटीभर खिचडी अर्धा तास खायचा. एखादा घास जास्त झाला, घाईनं गेला, की लगेच मोरीत धावायचा. मिना परातीत पीठ घ्यायची आणि हाताच्या सवयीनं जास्तच घ्यायची. मग उरलेल्या भाकरी ती आणि लेक शितल दोघी दुसऱ्या दिवशी कुस्करून खायच्या. ज्या माणसाला वाढता वाढता वीस वर्षं गेली त्याला आता वाढायचं नाही, हे तिच्या हाताला कळायला फार दिवस लागले.

होळीला सगळे तांड्यात गेले. बकरं पडलं होतं. पूर्वी प्रेमदास जेवायला बसला की पोरं भोवती जमायची, डायवरकाका किती बाट्या उडवतो ते मोजायला. यंदा त्याच्या पानात दोन फोडी आणि चतकोर बाटी. रुक्माबाई समोर बसून बघत राहिली.

"एवढंच?"

"बस झालं याडी," तो आईला म्हणाला.

"तुझा बाप पाय कापल्यावर बी याच्यापेक्षा जास्त जेवायचा." म्हातारी उठली. "पोट काढून घेतलं माझ्या लेकराचं. माणूस जेवत न्हाई तर जगतो कशाला?"

"शुगर गेली याडी, समूळ."

"गेली तर गेली. तोंड बघ आरशात, वाळल्या वांग्यावानी झालंय."

लोक हसले, प्रेमदासही हसला. त्या वर्षातलं हे शेवटचं मोकळं हसू, असं मिनाला पुढं वाटत राहिलं.

एप्रिलमध्ये तपासणी झाली. शुगर चांगली, रक्तदाब चांगला, डोळ्याच्या तक्त्यावरची शेवटची ओळही त्यानं धडाधड वाचून दाखवली. गाडी परत मिळाली. नवीन शर्ट शिवला, आणि जुने मिनानं पुसायला काढले. डोळ्यापुढचे केस गेले का, असं तिनं दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, गेले. दुसऱ्यांदा म्हणाला, "तुला दुसरं काही काम न्हाई का?"

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी औंढ्याच्या नागनाथाला जादा गाड्या सोडल्या होत्या. सकाळी साडेआठची गाडी प्रेमदासकडं होती. मिनाला देवाला नारळ फोडायचा होता. शुगर उतरली तर फोडीन असं ती बोलली होती. ती ड्रायव्हरच्या अगदी मागच्या बाकावर बसली, मांडीवर पिशवी घेऊन. कंडक्टर दिपक म्हणून एक हसतमुख माणूस होता, त्यानं तिचं तिकीट फाडताना थट्टा केली, "मामी, आज राठोडमामा गाडी जपून चालवतील." गाडी खचाखच भरली होती. बाया-माणसं, कडेवरची लेकरं, बेलाच्या पिशव्या. दांड्याला धरून माणसं दारापर्यंत उभी होती.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना हळदीची रानं हिरवीगार झाली होती. आभाळ मोकळं होतं, चांगलं ऊन पडलं होतं. आणि प्रेमदासनं वायपर लावला.

कोरड्या काचेवर रबर करकरलं. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "डायवर, पाऊस कुठं हाय?" प्रेमदासनं वायपर बंद केला. खिशातून रुमाल काढून काच आतून पुसली. मग त्यानं एक डोळा मिटला, उघडला. दुसरा मिटला.

मिना पुढं वाकली. "शितलचे पप्पा, काय झालं?"

"काही न्हाई. तू बस."

"दिसून राहिलं ना?"

"धूर हाय कशाचा तरी."

धूर कुठंच नव्हता. समोरून टेम्पो आला, त्यानं हॉर्न दिला आणि देतच राहिला. प्रेमदासनं गाडी बाजूला घेतली ती शेवटच्या क्षणाला. उभी माणसं एकमेकांवर आदळली. मागून कुणीतरी शिवी घातली.

"गाडी बाजूला घ्या," मिना म्हणाली.

"औंढा आलंच की. पाच मिनिटं."

"घ्या म्हणते ना!"

"मिना, लोक हायेत गाडीत." तो दात आवळून बोलत होता. मानेवरून घाम शर्टात उतरत होता.

"लोक हायेत म्हणूनच म्हणून राहिले."

त्यानं ऐकलं नाही. पुढं डोंगराचं वळण होतं, एका अंगाला खोल उतार. मिनानं मागं बघितलं. तिच्याच मागं एक बाई मांडीवरच्या पोराला केळं भरवत होती. मिना उठून उभी राहिली आणि जन्मात ओरडली नव्हती तशी ओरडली, "ओ कंडक्टर! गाडी थांबवा! यांना दिसून न्हाई राहिलं!"

दिपकनं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि दोरी ओढली. घंटी वाजली. अठरा वर्षं एका घंटीला गाडी उभी करणारा तो पाय. मनानं काय ठरवलं होतं कुणास ठाऊक, पण पायानं ब्रेक दाबला. डावी चाकं डांबर सोडून मातीत उतरली आणि गाडी थांबली.

प्रेमदासनं स्टिअरिंग सोडलं नाही. दिपक केबिनजवळ आला. "मामा? मामा, काय होतंय?"

"लाल हाय," प्रेमदास हळू म्हणाला. "सगळं लाल. शाई सांडल्यावानी."

माणसं उतरली. कुणी मिनाला म्हणालं, बाई तुझ्यामुळं वाचलो. कुणी मोठ्यानं म्हणालं, आंधळ्याच्या हातात गाडी देतात आणि आपण देवाला चाललो. प्रेमदास रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसला होता, त्यानं दोन्ही ऐकलं. मिना त्याच्या शेजारी बसायला गेली तेव्हा तो वीतभर बाजूला सरकला. दुसरा ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन जाईपर्यंत दोघं तसेच बसले होते, नारळाची पिशवी मध्ये ठेवून.

छत्रपती संभाजीनगरला डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून, भिंगातून बराच वेळ बघितलं.

"शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यावर नको त्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात. उजव्या डोळ्यात त्या फुटल्यात, आत रक्त उतरलंय. डाव्या डोळ्यातही त्या आहेत, तिथंही थोडं रक्त उतरलंय." फाइल चाळून त्या म्हणाल्या, "वजनाचं ऑपरेशन झालंय तुमचं. शुगर फार झपाट्यानं उतरली. ती उतरायलाच हवी होती. पण पडदा आधीच खराब असेल तर अशा वेळी काही जणांचा तो आणखी बिघडतो. म्हणून आधी बघून, लेझर करून घ्यायचं असतं. ते झालं असतं तर बहुतेक ही वेळ आली नसती. आधी काही त्रास जाणवत होता?"

"न्हाई," प्रेमदास म्हणाला. "ऑपरेशन झाल्यावरच झालं सगळं."

डॉक्टरीणबाईंनी मिनाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं, हे ती परत येताना सगळी वाट स्वतःला विचारत होती.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पडदा सुटला म्हणून दुसऱ्यांदा झालं. शेवटी त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक राहिला. डाव्या डोळ्याला लेझरचे डाग दिले, आत औषधाच्या सुया दिल्या. तो अर्धामुर्धा वाचला. समोरचा माणूस दिसतो, गाडीवरचा बोर्ड वाचता येत नाही. चाकामागं बसायचा प्रश्नच संपला. डेपोनं फाटकाजवळ बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायचं काम देऊ केलं. लिहायला दुसरा माणूस, हा नुसता बसणार. पहिला महिना तो गेलाच नाही. घरात पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. मिनाशी लागेल तेवढंच बोलायचा. गाडीत सगळ्या लोकांसमोर ती ओरडली ते त्यानं मनातून काढलं नव्हतं.

तांड्यात गोष्ट पोचली ती वेगळीच होऊन. पोट कापलं आणि डोळे गेले. आतड्याची आणि डोळ्याची शीर एकच असते, ती डॉक्टरनं कापली. शेजारच्या तांड्यातून लोक हिंगोलीला बघायला आले. प्रेमदास त्यांना सांगायचा, "चांगला गेलो व्हतो चालत, असा होऊन आलो." कुणी विचारलं, ऑपरेशन करावं का, तर म्हणायचा, "दुश्मनाला बी सांगू नका."

दसऱ्याला मिना आणि प्रेमदास तांड्यात आले होते. दोन दिवसांनी जिवनबाईही तिथं आली. डाव्या पायाला फडकं बांधलेलं. चप्पल लागून झालेली जखम दोन महिन्यांत भरली नव्हती. मिनानं फडकं सोडलं, आणि जो वास आला तो तिच्या ओळखीचा होता.

"शुगर किती हाय?"

"चारशे म्हणले. नांदेडचे डागदर फोन करून राहिले, ऑपरेशन करून घ्या म्हणून." जिवनबाईनं भावाकडं बघितलं. तो ओट्यावर बसला होता, मान थोडी उजवीकडं वळवून, आता बसायचा तसा. "पण मी न्हाई जाणार भाभी. भियाचं पाह्यलं न्हाई का? पाय गेला तर गेला, डोळे न्हाई जाऊ देणार मी."

"बराबर हाय," रुक्माबाई म्हणाली. "एका लेकराचे डोळे घेतले त्यांनी, दुसरं लेकरू न्हाई देत मी."

"मी तर सांगूनच राहिलो," प्रेमदास म्हणाला. "जाऊ नको जिवन."

मिनाच्या हातात अजून ते फडकं होतं, पिवळं-लाल झालेलं. ते तिनं खाली ठेवलं.

"डोळे ऑपरेशननं न्हाई गेले," ती म्हणाली. "डोळे आधीच बिघडले व्हते. दिवाळीतच. यांच्या डोळ्यापुढं केस येत व्हते. डागदरनं विचारलं, यांनी न्हाई म्हणून सांगितलं. चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी जोडली. मला बी विचारलं, मी बी न्हाई म्हणले. तू तिथंच व्हतीस, झोप लागली व्हती तुला. आधी डोळ्याचा इलाज करायचा असतो, तो आमी करू दिला न्हाई."

रुक्माबाई उसळली. "आंधळा झाला तो झाला, आता त्याच्यावरच घालून राहिलीस? गाडीत ओरडून गावात लाज काढली, आता घरात काढून राहिलीस?"

"याडी," प्रेमदास म्हणाला. "ती खरं बोलून राहिली."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग मिनाकडं वळली. "त्याला तर गाडीचं येड व्हतं. तुला काय झालं व्हतं? तू काहून गप बसलीस?"

मिनानं कढत पाण्याचं भांडं घेतलं आणि जिवनबाईची जखम धुवायला बसली.

चार दिवसांनी जिवनबाईचा नवरा तिला डोळे दाखवायला घेऊन गेला. तिच्याही पडद्यावर सुरुवात झालेली होती. लेझर झालं, दोन महिने थांबा म्हणाले. त्या दोन महिन्यांत अंगठा काळा पडला आणि काढावा लागला. ऑपरेशन उन्हाळ्यात करू, असं ती आता म्हणते. कधी म्हणते करू, कधी म्हणते बघू. रुक्माबाई त्या दिवसापासून मिनाच्या हातचं पाणी घेते, पण तिच्याशी बोलत नाही.

प्रेमदास मात्र डेपोत जायला लागला. फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतो. गाडी बघून नाही तर आवाजावरून ओळखतो, आणि कुठल्या गाडीचा क्लच घासतोय ते ड्रायव्हरच्या आधी सांगतो.

जानेवारीत, ऑपरेशनला वर्ष झालं म्हणून नांदेडला तपासणीला बोलावलं होतं. वजन चौऱ्याऐंशी. उपाशीपोटी शुगर अठ्ठ्याण्णव. एकही औषध नाही. सर्जननं रिपोर्ट बघितला, मग प्रेमदासच्या डोळ्यांकडं बघितलं. म्हणाला, "शुगरच्या बाबतीत यापेक्षा चांगला निकाल मी क्वचितच पाहिलाय." मग म्हणाला, "पडद्याच्या रिपोर्टशिवाय मी पुढं जायला नको होतं. माझंही चुकलं." प्रेमदासनं हात जोडले, मिनानं धरलेला हात काढून घेतला आणि दाराची चौकट चाचपत बाहेर आला.

परतीच्या गाडीत दोघं मधल्या बाकावर बसले. प्रेमदास खिडकीशी. दुपारचं ऊन त्याच्या तोंडावर येत-जात होतं. औंढ्याच्या अलीकडं चढ लागला तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "आता तिसरा टाकायला पाहिजे." पुढं ड्रायव्हरनं गिअर बदलला.

"मिना."

"काय?"

"तू त्या दिवशी डागदरला न्हाई काहून म्हणलीस?"

"तुमी माझ्याकडं पाह्यलं."

"ते मी पाह्यलं. तू काहून म्हणलीस?"

तुमच्यासाठी, असं सांगणं सोपं होतं आणि त्यालाही ते ऐकायला बरं वाटलं असतं. मिनानं मांडीवरची रिपोर्टची पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"तांड्यात गेलं का बाया मला बसायला खाट मोकळी करायच्या," ती म्हणाली. "डायवरीण आली म्हणायच्या. ते जाईल म्हणून भ्याले मी."

प्रेमदासनं मान हलवली. तो रागावला नाही. खिडकीबाहेर, त्याला न दिसणाऱ्या रानाकडं तोंड करून तो म्हणाला, "मला वाटायचं मी एकटाच हाय तसला."

कंडक्टर तिकिटं बघत आला. प्रेमदासनं खिशातून पास काढून हवेत धरला, आणि मिनानं त्याचा हात कंडक्टरच्या दिशेला वळवला. या वेळी त्यानं हात काढून घेतला नाही.